जिवंत माणसासारखं सांग

पुनर्वसन केंद्राच्या व्हरांड्यात मी पहिलं पाऊल टाकलं आणि एक काठी भिरभिरत येऊन माझ्या पायाशी आदळली. तिच्यामागून धावत एक उंच तरुण आला... बाह्या दुमडलेल्या, कपाळावर घाम.

"लागलं नाही ना?"

"थोडक्यात वाचले. कोणी फेकली?"

"माझ्या पेशंटने, आतल्या आजोबांनी. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय आणि व्यायामाला अजिबात सहकार्य करत नाहीत."

"सहकार्य न करणं हे वर्तन नव्हे," मी म्हटलं. "ते मेलेल्या माणसालाही जमतं."

त्याने काठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मेलेला माणूस इतका नेम धरतो?"

मी खुदकन हसले. कामाचा पहिला दिवस, आणि हे असं!

माझं कामच वर्तन नोंदवायचं होतं. रुग्ण नेमकं काय करतो ते अशा शब्दांत मांडायचं, की दोघांनी वेगवेगळ्या जागांवरून पाहिलं तरी दोघांची मोजणी जुळावी. 'चिडका', 'आळशी' असली बिरुदं मला चालत नाहीत. म्हणून रोज सकाळी हा तरुण, आजोबांचा फिजिओ, त्यांच्याजवळून मोजायचा, मी खिडकीपाशी बसून मोजायची, आणि मग आम्ही कडाकडा भांडायचो.

"आज काठी फेकली नव्हती, निसटली."

"निसटलेली वस्तू पायाशी पडते, साहेब. ही पलंगापलीकडे गेली."

"तुमच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही."

"मग चहा सांगा!"

शेवटी चहाच्या दुसऱ्या कपावर ठरलं – फेकाफेक मोजायची सोडून आजोबांनी काठी टेकत टाकलेली पावलं मोजायची. आपलं काहीतरी चांगलंही कोणी मोजतंय म्हटल्यावर आजोबांची कळी खुलली. रोज थोडे पुढे जाऊ लागले. फिजिओच्या आनंदाला पारावार नव्हता, पण बोलायचा काय? "आज वाईट नाही झालं." कौतुक असो की राग, या माणसाच्या प्रत्येक वाक्यात 'नाही' हवंच. आणि मला तो आवडायला लागला होता. खूप. 'अहो'चं 'अरे' कधी झालं ते कळलंही नाही.

मग माझी इथली ठरलेली मुदत संपली. दुसऱ्या गावच्या हॉस्पिटलातून बोलावणं आलं. केंद्र चालवणाऱ्या मोठ्या बाई म्हणाल्या, "राहायचं असेल तर आज दुपारच्या आत सांग, नाहीतर मी दुसरी मुलगी बघते." आईने फोनवर विचारलं, "तिथे कोण आहे गं तुझं?" याचं उत्तर ज्याच्याकडे होतं, तो आजोबांचा गुडघा वाकवत बसला होता.

"मी जातेय," मी दारातूनच म्हटलं.

त्याचे हात थांबले. "तू गेलीस तर... बरं वाटणार नाही."

"मेलेल्या माणसालाही वाटत नाही."

"करमणार नाही."

"त्यालाही करमत नाही!" माझा आवाज चढला, डोळे भरून आले. "तुझ्या 'नाही'च्या भरवशावर मी कशी राहू? जिवंत माणसासारखं सांग ना... काय करतोस तू?"

तो उठायला गेला, पण हातात आजोबांचा पाय होता. कान लालबुंद झाले.

"सकाळी जिन्यावर तुझ्या चपला वाजल्या की मी... केस नीट करतो. सुट्टीच्या दिवशी उगीचच तुझ्या गल्लीतून चक्कर मारतो. चहा दोन सांगतो. तू आली नाहीस की दुसराही मीच पितो, गार." त्याने आजोबांचा पाय आणखी घट्ट धरला. "प्रेम करतो तुझ्यावर. लग्न करशील माझ्याशी?"

मी मान हलवली.

"हे... हो होतं?"

"दिसलं नाही तुला?"

"मला वाटलं, मान अवघडली तुझी."

"हो!" मी ओरडलेच. "हो रे बाबा, हो!"

"मी ऐकलंय," आजोबा पलंगावरून म्हणाले. "आता माझा पाय खाली ठेव आणि हिला घेऊन मोठ्या बाईंकडे पळ. दुपार व्हायला आली!"

आम्ही पळालो.