कलकत्त्याहून आलेलं पत्र

"सात होती. इथं सहाच आहेत."

रजिस्ट्रार वामनरावांनी पाकिटं तिसऱ्यांदा मोजली आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. समोर हेडक्लार्क मारोतराव धकाते उभे होते. वामनराव चष्मा काढतात तेव्हा कुणाची तरी खैर नसते, हे सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्यांना पाठ झालं होतं.

"आवक रजिस्टरात सात नोंदी आहेत, मारोतराव. तुमच्या अक्षरात. कपाटाची किल्ली एकच, ती तुमच्या कोटाच्या आतल्या खिशात. आता तुम्हीच सांगा, मी कुणाला विचारू?"

१९५४ सालचा मार्च, सोमवार, सकाळचे अकरा. विद्यापीठाच्या वैद्यक विभागाला डीन नेमायचा होता आणि त्यावरून गेले तीन महिने सगळं ऑफिस डोक्यावर घेतलं गेलं होतं. उमेदवार तीन. प्रत्येकानं दोन नामवंतांची गोपनीय शिफारसपत्रं मागवली होती. ती झाली सहा. सातवं पत्र समितीनं स्वतःहून मागवलं होतं, कलकत्त्याच्या एका इस्पितळातून. उमेदवारांपैकी डॉ. जागेश्वर नंदनवार तिथं पाच वर्षं शल्यचिकित्सक होते.

गोपनीय पत्रांची रीत ठरलेली होती. पाकीट न फोडता रजिस्टरात चढवायचं. शेवटचं पत्र आलं की सगळ्यांचा गठ्ठा पुठ्ठ्यात घालून दोऱ्यानं आवळायचा, गाठीवर लाख ओतायची आणि रेकॉर्ड रूममधल्या लोखंडी कपाटात ठेवायचा. फोडायचा तो समितीसमोरच. आज सकाळी समितीसमोर वामनरावांनी गाठीशेजारी कात्री चालवली तेव्हा लाख शाबूत होती, आणि तरीही कलकत्त्याचं पत्र नव्हतं.

"समिती चार वाजता निर्णय घेणार," वामनराव म्हणाले. "त्या पत्राशिवाय. आपल्या गलथानपणाची शिक्षा नंदनवारांना कशाला, असं सगळ्यांचंच मत आहे. पण चारच्या आत पत्र कुणी काढलं ते कळलं नाही, तर तुम्हाला निलंबित करून मी पोलिसांना बोलावणार. पेन्शनला दोन वर्षं राहिलीत तुमची. लोक काय बोलतायत माहीत आहे? दुसरे उमेदवार, जबलपूरचे मनोहरराव, त्यांनी तुम्हाला फितवलं आणि तुम्ही आपल्याच माणसाचा केसानं गळा कापला."

मारोतरावांना हे फार झोंबलं. आपल्याच माणसाचा! तांडापेठेत नंदनवारांचं आणि धकात्यांचं घर भिंतीला भिंत लावून. दोन्हीकडे हातमाग. मारोती आठ वर्षांचा आणि जागेश्वर पाचाचा असल्यापासून दोघांनी रुख्माबाईंच्या, म्हणजे जागेश्वरच्या आईच्या हाताखाली तुटलेले धागे सांधले होते. मारोती मॅट्रिकला थांबला. जागेश्वर सोळा वर्षांचा होईपर्यंत मागावर बसला आणि तिथून थेट एडिंबरापर्यंत गेला. विणकरांच्या वस्तीतला पहिला मोठा डॉक्टर. तो डीन होणार म्हणून पेठेत हारसुद्धा सांगून ठेवले होते.

एक गोष्ट मात्र मारोतरावांनी साहेबांना सांगितली नाही. शुक्रवारी चहा पिताना त्यांनी जागेश्वरला हळूच म्हटलं होतं, "कलकत्त्याहून बी पत्र आलं गा तुयं. समितीनं मागवलं. आता तुले कोण अडवते?" ते बोलायला नको होतं. पण आनंद पोटात मावत नव्हता, त्याला ते तरी काय करणार?

"साहेब, दोन विनंत्या आहेत," ते म्हणाले. "हा गठ्ठा माझ्या ताब्यात द्या. आणि कलकत्त्याला अर्जंट ट्रंककॉल लावा. पत्र लिहिणारे तर जागेवर असतील."

वामनरावांना ते पटलं. इतकी साधी गोष्ट आपल्याला सुचली नाही याचा थोडा रागही आला.

मारोतराव रेकॉर्ड रूममध्ये बसले. गठ्ठ्याचा दोरा त्यांनी बोटांतून हळूहळू फिरवला. लाखेची गाठ जशीच्या तशी होती. मागच्या बाजूला मात्र, पुठ्ठ्याच्या घडीखाली, बोट किंचित अडखळलं. दोरा तिथं कापून पुन्हा जोडला होता. जोड तिळाएवढा, चपटा, टोकं अगदी बुडाशी छाटलेली. त्यांनी नख लावून तो चाचपला. मग त्यांनी गठ्ठा उलटा केला, लाखेची बाजू वर ठेवली आणि शिपायाला हाक मारली.

"कवडू, शनिवारी तू कुठं होता गा?"

"इथंच, बडेबाबू. दुपारी तुमची छाती भरून आली, तुम्ही याच बेंचावर आडवे झाले. नंदनवार डॉक्टर कागदपत्रं द्याले आले होते. त्यायनंच सुई देली तुम्हाले. मले म्हणे, बर्डीच्या बाजारातून निंबू घेऊन ये."

"माझा कोट?"

"डॉक्टरसाहेबांनीच काढून खुंटीले टांगला. छाती तपासाची होती ना."

"तू किती वेळानं आला?"

"अर्धा घंटा लागला असन. आलो तं तुम्ही घोरून राहिले होते. डॉक्टरसाहेब बाजूले बसून फाइलीनं वारा घालून राहिले होते. एवढा मोठा माणूस, पण घमेंड नाही बा!"

"त्यानंतर ही खोली झाडली?"

कवडूनं जीभ चावली. "नाही जी. शनिवारी हाफ डे, काल इतवार."

तो गेल्यावर मारोतरावांनी कोपऱ्यातली रद्दीची टोपली उपसली. लिंबाची सालं होती, फाटके कागद होते, आणि त्यांच्या तळाशी इंजेक्शनची फुटकी काचेची कुपी. तिच्यावरची बारीक इंग्रजी अक्षरं त्यांना वाचता आली, पण अर्थ लागला नाही. कुपी रुमालात बांधून त्यांनी खिशात टाकली.

मग टायपिस्ट सुहासिनी आली. उमेदवार मनोहरराव तिचे सख्खे मामा, त्यामुळे सकाळपासून ऑफिसातल्या निम्म्या माना तिच्याकडे वळत होत्या.

"कलकत्त्याला पत्र पाठवलं ते तुम्हीच टाइप केलं. मामांना बोललात?"

"नाही." तिनं मान झटकली. "मामांनीच बजावलंय, ऑफिसातलं एक अक्षर घरी आणायचं नाही. आणि शनिवारी मी एकला निघाले. तुम्हीच दारापर्यंत आलात, तेव्हा धडधाकट होतात. किल्ली तुमच्याकडे, आणि चोर मी?"

"मी तुम्हाला चोर म्हटलं नाही, बाई."

"बाकीचे म्हणतायत ना!"

तीन वाजता ट्रंककॉल लागला. वामनराव बंद दाराआड पंधरा मिनिटं फोनवर ओरडत होते. बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"पत्र शिफारशीचं नव्हतंच, मारोतराव. शस्त्रक्रियेच्या वेळी नंदनवारांनी चुकीचं औषध सांगितलं आणि रोगी दगावला. त्यांनी ते एका परिचारिकेवर ढकललं. तिची नोकरी गेली. वर्षभरानं खरं बाहेर आलं तेव्हा यांनी मुकाट राजीनामा दिला. दोन पानं भरून हे सगळं लिहिलं होतं."

मारोतराव बाकावर बसले.

"आता तर तुमचं आणखीच कठीण झालं," वामनराव हळू आवाजात म्हणाले. "सकाळी लोक म्हणत होते, तुम्ही आपल्या माणसाला बुडवायला पत्र चोरलंत. आता म्हणतील, वाचवायला चोरलंत. हे मला जास्त खरं वाटतं, काय करू?"

"चारला समितीसमोर दहा मिनिटं द्या, साहेब. डॉक्टरांना बोलवा. फोनचं मात्र कुणाला सांगू नका."

चार वाजता समितीच्या खोलीत पाच जण बसले होते. मध्यभागी कुलगुरू. त्यांच्या उजव्या हाताला डॉ. कृष्णकांत, निवृत्त सिव्हिल सर्जन. दाराशी कवडू आणि सुहासिनी. डॉ. जागेश्वर नंदनवार खिडकीजवळच्या खुर्चीत होते. करड्या सुटातला उंच, देखणा माणूस. त्यांनी मारोतरावांकडे मायेनं पाहिलं.

"माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही," जागेश्वर म्हणाले. "पत्र गेलं ते गेलं. मारोतीला त्रास होऊ नये एवढंच."

काय मोठं मन! समितीतल्या दोघांनी तर माना डोलावल्या.

मारोतरावांनी गठ्ठा टेबलावर ठेवला, लाखेची बाजू वर. मग खिशातून तशाच दोऱ्याचे तुकडे काढले आणि तिघांच्या हातात दोन-दोन दिले. कवडूच्या, सुहासिनीच्या आणि डॉक्टरांच्या.

"एवढं जोडून द्या. दोरा तुटला आहे."

"हा काय पोरखेळ आहे?" कुलगुरूंनी विचारलं.

"एक मिनिट, साहेब."

कवडूनं दणदणीत निरगाठ मारली. सुहासिनीनं रिबिनीसारखं काहीतरी केलं. डॉक्टरांच्या डाव्या अंगठ्यानं एक टोक दुसऱ्यावर आडवं धरलं आणि तिथंच तो थांबला. क्षणभरच. मग त्यांनी दोन्ही टोकं सोडून दिली आणि सावकाश एकावर एक दोन जाड गाठी मारल्या.

मारोतरावांनी तिन्ही जोड टेबलावर मांडले. "आता माझा बघा." त्यांनी दोरा घेतला. बोटं हलली न हलली तोच जोड तयार झाला. तिळाएवढा, चपटा. मग त्यांनी गठ्ठा उलटा केला आणि पुठ्ठ्याची घडी वर उचलली.

कुलगुरू पुढे वाकले. "अहो, ही तर तुमचीच गाठ!"

"होय. विणकराची गाठ. मागावर ताण्याचा, म्हणजे उभा धागा तुटला की ही मारतात. हिला लांबी लागत नाही आणि फणीत अडकत नाही. चोरानं लाखेला हात लावला नाही, मागून दोरा कापला. एक पाकीट कमी झालं तेवढाच दोरा ढिला पडला. त्यात दुसरी कुठली गाठ बसलीच नसती. या खोलीत ती दोघांना येते. एक मी."

मारोतरावांनी जागेश्वरकडे पाहिलं.

"दुसऱ्यानं सोळाव्या वर्षापर्यंत माग चालवला आहे. झोपेत सांगा, हीच गाठ मारेल. आत्ता बोटं तिकडेच निघाली होती, तुम्ही पाहिलं. मग थांबली काहून? दोऱ्यामागचा जोड मी कुणालाच दाखवला नव्हता, साहेबांनासुद्धा नाही. मी नुसतं जोडून मागितलं. गाठीला भ्यायचं कारण फक्त तिथं ती मारणाऱ्याला होतं."

"मारोती, हे काय बोलून राहिला तू?" जागेश्वरच्या तोंडून एडिंबरा गळून पडलं.

मारोतरावांनी रुमाल सोडून कुपी डॉ. कृष्णकांतांपुढे ठेवली. "शनिवारी माझी छाती भरली म्हणून मला टोचलं, ते हे."

वृद्ध सर्जननं कुपी उजेडात धरली. "छातीशी याचा काय संबंध? हे झोपेचं औषध आहे. घोडासुद्धा अर्धा तास उठणार नाही."

"तेवढ्यात किल्ली माझ्या कोटातून निघून परत कोटात गेली. कवडूला निंबाला पाठवलंच होतं. राहिलं एकच. पत्र आलं हे डॉक्टरांना कुणी सांगितलं?" मारोतराव क्षणभर थांबले. "मी सांगितलं. शुक्रवारी, चहा पिताना. तो माझा गुन्हा आहे. त्या पत्रात काय असेल हे मला ठाऊक नव्हतं. त्यांना होतं."

वामनराव उठले आणि फोनवर ऐकलेलं सगळं त्यांनी एका दमात सांगितलं. परिचारिकेचं नाव आलं तेव्हा जागेश्वरनं डोळे मिटले. पत्र शनिवारी रात्रीच चुलीत घातलं, हे त्यांनी कबूल केलं. आईच्या चुलीत.

"तिथं त्या मुलीवर ढकललंत," सुहासिनी दारातून म्हणाली, "इथं यांच्यावर. आणि वर म्हणे, तक्रार नाही!"

तिला कुणी गप्प केलं नाही. पाच मिनिटांत नंदनवारांचं नाव यादीतून खोडलं गेलं. पोलिसांचं काय ते उद्या ठरवू, असं कुलगुरू म्हणाले.

मारोतराव आपल्या टेबलाशी जबाब लिहायला बसले. वामनराव खांद्यावरून वाचत होते.

"शुक्रवारचं लिहू नका," ते पुटपुटले. "तोंडी बोललात ते विसरतील, कागदावरचं राहील. पेन्शन जाईल."

"मी बोललो ते खरं आहे ना, साहेब?" मारोतरावांनी वाक्य पुरं केलं आणि खाली सही केली.

जिन्याजवळ जागेश्वर उभे होते. सुटाची बटणं सुटली होती, हातातली कातडी बॅग ते उगीचच या हातातून त्या हातात करत होते.

"पेठेत काय सांगशील?"

"खरं सांगीन. तुयी माय विचारन तं तिलेही सांगीन."

"मारोती, इतक्या वर्षांनी आपल्यातला एक माणूस तिथवर पोचला होता. एका चुकीपायी सगळं गेलं असतं. तुले नाही समजणार."

मारोतरावांना वाटलं होतं, आपल्याला संताप येईल. संताप आलाच नाही. मार लागून सुन्न झालेल्या हातासारखं नुसतं बधिर वाटत होतं.

"जागेश्वर, तू मले सांगतलं असतं ना, की मारोती, असं असं झालं, ते पत्र मले दे... मी देलं असतं गा. पाप केलं असतं, नोकरी घालवली असती, पण तुले देलं असतं. तुले हे ठाऊक होतं. तरी मले इचाराले तुले लाज वाटली, अन् सुई टोचाले नाही वाटली."

मारोतराव त्याच्या बाजूनं वाट काढून जिना उतरू लागले. पेठेतले चार जण हार घेऊन फाटकाशी केव्हाचे उभे होते, आणि त्यांना सगळ्यात आधी मारोतरावच दिसले.