लोणी देवकरच्या नाक्यावरची मोकळी गाडी

जवळ सरका पोरांनो. ही गोष्ट माझा भाचा गोकुळ ह्याच्या तोंडची हाय. गाडी त्योच चालवत हुता.

गुरांच्या लम्पी रोगाचं साल. भादवी पोळ्याची रात, पण बैलं मिरवायला बंदी. बाजार बंद. जिल्ह्याभायेर जनावर न्यायचं न्हाय.

पळसदेवच्या जोतीरामची एक गाय तापली, अंगावर गाठी उठल्या. डॉक्टरला कळवायचं सोडून त्यानं तिच्यावर झूल टाकली आन गोकुळला म्हणाला, "चल, भीमा वलांडून टेंभुर्णीकडं कुणाच्या तरी गळ्यात मारू."

दुसऱ्याचा गोठा बसंल, ह्याचं त्याला काय न्हाय.

पुलावर पोलिसांच्या बॅटऱ्या दिसल्या. गोकुळनं पिकअप मागं फिरवली. येताना उजनीच्या पाण्याकडंला जोतीरामनं गाडी थांबवली. गाईचे पाय बांधले आन तिला चिखलात ढकललं.

"तात्या, जित्ती हाय अजून."

"सकाळपत्तुर मरंल. चल."

ती वरडलीबी न्हाय. नुसती बघत हुती.

गाडी निघाली. मोकळी गाडी, पण चढाला दम खात हुती. मागनं खूर घासल्याचा आवाज...

"तात्या..."

"हौद्याचा मागचा फाळका वाजतोय. मागं बघू नगं."

लोणी देवकरच्या वळणावर दुसरा नाका, जाताना न्हवता. हवालदारानं हौद्यात बॅटरी मारली.

"गाय कुठं चालवलीय?"

गोकुळनं आरशात बघितलं. हौदा मोकळा.

"साहेब, गाडी मोकळी हाय," जोतीराम म्हणाला.

"मला शिकवतो व्हय? अंगभर गाठी हायेत. आन मुक्या जनावराचे पाय कशाला बांधलेत?"

जोतीराम चिडला. उतरून हौद्यात चढला. "बघा की! कुठाय गाय?"

...

"तात्या?"

...

जोतीराम गुडघ्यावर आला. मग उताणा पडला. छातीवर काय तरी बसल्यागत. गोकुळला दिसलं काय न्हाय. ऐकू आलं. एक फासळी मोडली. मग दुसरी. सावकाश. तोंड उघडं, आवाज न्हाय. डोळे गोकुळकडं. हवालदार हात धरून वढत हुता. जोतीराम जागचा हलंना.

दवाखान्यात न्हेईपत्तुर संपला.

उजाडल्यावर जनावरांचा डॉक्टर पाण्याकडंला गेला. गाय तितंच पडलेली. मेलेली. पाय बांधलेले. डॉक्टर म्हणाला, ही तर भाकड. पोटात वासरू न्हवतं.

गाडी ठाण्याच्या आवारात उभी हुती. दुपारी हवालदारानं गोकुळदेखत फाळका उघडला.

कोरड्या पत्र्यावर जार पडला हुता. गाय व्याल्यावर पडतो तसला.

त्यातनं अजून वाफ निघत हुती.