टिकटिकणारं घर

"भाऊ, माझं घर टिकटिक करून राह्यलं," रंभाबाई दारातूनच म्हणाली.

चांद्याच्या बाजारातल्या त्या लहानशा खोलीत दादाजी बोरकुटे चहा पीत बसले होते. खोटा पंचनामा लिहायला नकार देऊन त्यांनी पोलिसातली नोकरी सोडली होती आणि आता ते खासगी तपासाची कामं घेत. सोबतीला अयूब. लष्कराची जुनी जीप हाकणारा, मनानं भोळा.

"घड्याळ असंन, बाई," अयूब हसला.

"माझ्या घरी घड्याळ नाई. आन् मी इथी हसाले नाई आली."

अयूब ओशाळला. त्यानं तिला बसायला स्टूल दिलं.

रंभाबाई सावलीजवळच्या खेड्यातली. नवरा वारलू गेल्या वर्षी वारला. मागं राहिलं घर, थोडं धानाचं शेत आणि परसातली सागाची झाडं. हल्ली सरकारी सर्वेक्षणाचे तांबेसाहेब अणूचा दगड, म्हणजे युरेनियम, शोधायला आले होते. त्यांचं किरणं टिपणारं यंत्र गावभर गप्प राहिलं आणि रंभाबाईच्या मागच्या खोलीत कडाडलं. जमिनीतून विषारी किरणं निघतात अशी हूल उठली. बाया पाण्याला तिच्या विहिरीवर येईनाशा झाल्या.

"नानाजी, माझा दीर, सावलीतलं त्याचं पक्कं घर देतो म्हणते. बदल्यात माझं घर अन् परस त्याले. सारं गाव म्हणते, जा. पण मी नाई हलत, भाऊ. मशीन सांगन, अन् मी घर सोडीन?"

बोरकुट्यांनी कप खाली ठेवला. "अयूब, गाडी काढ."

गावात भेटलेले तांबे तरुण होते, बोलायला सरळ. "खाली खनिज असावं. खात्री होईपर्यंत बाईंनी त्या खोलीत झोपू नये, एवढंच मी म्हणालो. नागपूरहून दुसरं यंत्रही मागवलंय."

यंत्र सुरू करण्याआधी त्यांनी मनगटावरचं घड्याळ उतरवून जीपच्या सीटवर ठेवलं. ओरखडे पडू नयेत म्हणून असेल, अयूबला वाटलं.

यंत्र म्हणजे पट्ट्यानं गळ्यात अडकवायची एक पेटी आणि तिला वायरीनं जोडलेली नळी. मागच्या भिंतीला लागूनच विहीर होती. तिच्यातून उपसलेल्या दगडमुरुमाच्या ढिगावर तांब्यांनी नळी धरली. मधूनच एखादी टिक.

"एवढी तर सगळीकडेच येते," ते म्हणाले.

मागच्या खोलीत मात्र तापल्या वाळूत फुटाणे फुटावेत तसा आवाज सुटला. अयूबनं हौसेनं नळी हातात घेतली. जमिनीवर धरून झाल्यावर तो उठून उभा राहिला, तसा आवाज आणखी चढला.

"पुन्हा बस," बोरकुटे म्हणाले. "आता उठ."

पुन्हा तेच झालं. समोरच्या भिंतीवर काळ्या जाड चौकटीत वारलूचा फोटो होता.

"फोटो कधीचा, बाई?"

"दिवाळीत नानाजीनं मढवून आणला. असा जड, का खिळाच उपटला. मंग खुंटी ठोकली."

लाकडाचे ठेकेदार गुणवंतराव वखारीत भेटले. त्यांनी काहीच आडपडदा ठेवला नाही.

"ते साग मले पाह्यजेत, लपवू कायले? पण बाईनं मले फाटकाच्या आत पाय नाई ठेवू देल्ला. आता नानाजी मालक झाला तर त्याच्यासंग बोलू."

बाहेर येताच अयूब कुजबुजला, "साहेब, हाच चोर!"

"एवढ्या उजेडात चोर उभा राहत नाही, अयूब."

नानाजी खाकी कोट घालून सावलीतल्या आपल्या घराच्या ओसरीवर बसला होता. बोलणं गुळासारखं.

"लढाईत मी आसामात होतो, साहेब, विमानतळावर. मोडकी विमानं खोलून सामान काढाचो. मशीन खोटं नाई बोलत. पावसाळा सरल्यापासून तांबेसाहेबाचं हे मशीन मीच वाहून राह्यलो ना! वयनीनं घरातलं काहीच संग आणू नये, साऱ्याले किरणं लागलेत. दादाचा फोटो तेवढा मी नेतो, जपून ठेवतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी बोरकुट्यांनी सगळ्यांना मागच्या खोलीत बोलावलं. तांबे, गुणवंतराव, नानाजी, गावचे पाटील आले. बाकी गाव अंगणात दाटलं.

यंत्र सुरू झालं. तोच कडकडाट.

"अयूब, तो फोटो विहिरीपलीकडे ने."

"काऊन?" नानाजी पुढं सरसावला. "दादाचा फोटो हाये तो!"

"म्हणूनच जपून नेईल."

अयूब दाराबाहेर पडला आणि आवाज विरत गेला. विहिरीपलीकडे तो पोहोचला तेव्हा खोलीत मधूनच एखादी टिक उरली होती. तांबे यंत्र घेऊन त्याच्यामागे धावले. तिथं ते पुन्हा कडाडलं.

"घर कधीच बोलत नव्हतं," बोरकुटे म्हणाले. "फोटो बोलत होता."

त्यांनी चौकटीची मागची फळी उचकटली. आत कापडात गुंडाळलेल्या काळ्या गोल तबकड्या होत्या, त्यांच्यावर पिवळट आकडे.

"विमानातल्या घड्याळांच्या तबकड्या," तांबे चकित झाले. "अंधारात आकडे दिसावेत म्हणून यांना रेडियम फासतात, त्यातूनही किरणं निघतात. माझ्या घड्याळालाही तेच आहे. यंत्र फसू नये म्हणून मी ते आधी उतरवतो."

"आणि तुमचं यंत्र वाहणारा ते रोज पाहत होता," बोरकुटे म्हणाले. "खनिज जमिनीत असतं तर विहिरीच्या मुरुमातही सापडलं असतं. पण विहीर गप्प. शिवाय नळी उंच धरली की आवाज वाढे. म्हणजे जे काही होतं ते भिंतीवर होतं आणि भिंतीवर फक्त हा फोटो, खिळा उपटण्याइतका जड. तांब्यांना लबाडी करायची असती तर त्यांनी दुसरं यंत्र मागवलं नसतं. गुणवंतरावांना बाईनं घरात येऊच दिलं नाही. फोटो आणला नानाजीनं. विमानं खोलली नानाजीनं. आणि साऱ्या घराला किरणं लागली म्हणणारा माणूस एकच वस्तू मागत होता. कारण ती बाईसोबत सावलीला गेली असती, तर तिथलं घर टिकटिकलं असतं आणि इथलं गप्प झालं असतं."

नानाजीनं रंभाबाईपुढं हात जोडले. "वयनी, साग पाहून बुद्धी फिरली. चुकी झाली."

रंभाबाईनं नवऱ्याचा फोटो पदरानं पुसला.

"याच्या आड लपवलं तू. याच्यासमोर मी रोज दिवा लावत होती."

पाटलांनी घसा खाकरला. "बाई, झालं ते झालं. घरातली गोष्ट घरातच मिटवा. ठाण्यात गेलं तर गावाची बदनामी."

"घरातली?" ती वळली. "मले घराबाहेर काढाले सारं गाव जमलं होतं, पाटील. तवा नाई आठवलं काऊन?"

तांब्यांनी तबकड्या पत्र्याच्या डब्यात बंद केल्या. रंभाबाईनं डबा बोरकुट्यांच्या हाती दिला, फोटो छातीशी धरला आणि अंगणातून सरळ जीपच्या पुढच्या सीटवर जाऊन बसली.

अयूब घुटमळला. "बाई, दोन घास खाऊन निघू का?"

"गाडी काढ, भाऊ. सावलीचं ठाणं."

इंजिन सुरू झालं, पण गावकरी वाट अडवून तसेच उभे राहिले. अयूबनं बोरकुट्यांकडे पाहिलं. ते मागच्या सीटवर शांत बसून होते.

रंभाबाईनं अयूबच्या पुढ्यातून हात घातला आणि हॉर्न दाबला. वाट मोकळी होईपर्यंत तिनं तो सोडला नाही.