खंडेनवमीची सुपारी

बैहरचा घाट उतरताना तिसऱ्यातून दुसऱ्यात टाकायला उमानं स्टिअरिंगजवळचा गियरचा दांडा ओढला, आणि तो मध्येच अडला. ना वर, ना खाली. गाडी मोकळी सुटली... सागाची झाडं भराभर अंगावर यायला लागली. शेजारी सत्यभामा आत्या डोळे मिटून मारुतीचं नाव घेत होती. दोन्ही पाय ब्रेकवर रोवून उमानं गाडी थांबवली, तेव्हा वळणाचा कठडा पुढ्यातच होता.

सदुसष्ट सालची गोष्ट. बालाघाटात तेव्हा गाडी चालवणारी मुलगी दिसली की लोक दुकानाबाहेर येऊन बघत. बाबांची दृष्टी अधू झाली, म्हणून तर किल्ली तिच्या हाती आली होती. आता हँडब्रेक धरेना. पाय सुटला की गाडी दरीत. उन्हं कलली होती, आणि खाली रानात एक वानर खाकरलं — वाघ दिसल्यावर खाकरतं तसं.

तेवढ्यात मागून फटफटी आली. उतरलेला उंच, सावळा तरुण भरवेलीच्या खाणीत यंत्रांवर इंजिनिअर होता, नाव गुणाकर. आधी त्यानं चाकांपुढे दगड लावले, मग खिडकीशी आला. गियर टाकताना करकर झाली का, विचारलं. नाही झाली. इंजिन बंद करून, क्लच दाबून पुन्हा टाकायला लावला. दांडा जागचा हलला नाही.

"मंग क्लचचं दुखणं नाही," तो म्हणाला. "गियरचे दातेही बरे असतील. दांड्याखालच्या सळयांत काहीतरी अडकून राह्यलं."

आत्या खाली उतरली होती. तो गाडी तपासत होता, ती त्याला. गाव किरनापूर, वडील शालिकराम मास्तर, लग्न नाही... बॉनेट उघडेपर्यंत सगळं काढून झालं.

आणि तो गाडीच्या पुढ्यातच उभा राहिला. उताराकडे पाठ करून.

"बाजूनं नाही का होणार?" उमाचा आवाज चिरकला.

"हात नाही पोचत. तुमचा पाय आहे ना ब्रेकवर?"

"आहे... पण दगड सरकला तर?"

"मी काय दगडाच्या भरवशावर उभा आहो?"

बॉनेटनं तो झाकला गेला. फटीतून दिसत होती फक्त त्याची बोटं, सळयांमध्ये शिरलेली. उमाच्या पोटरीत गोळा आला. एक दगड सुटून गडगडत गेला. तिनं पाय आणखी दाबला.

"भेव लागून राह्यलं?" पलीकडून आवाज आला.

"नाही."

"खोटं. गाडी थरथरून राह्यली."

ती हसली की रडली, तिचं तिलाच कळलं नाही.

"आता हळूच ओढा."

दांडा अलगद सरकला आणि दुसऱ्यात जाऊन बसला. गुणाकर खिडकीशी आला. काळ्याकुट्ट तळव्यावर लाल चिंधी, चिंधीत सुपारी. आत्याचा चेहरा उतरला. खंडेनवमीला गाडीची पूजा झाल्यावर तिनंच ती गुपचूप बॉनेटखाली बांधली होती. उघड्यावर नजर लागते म्हणून. गाठ सैल होऊन ती सळयांत घसरली होती.

"राखणीले बांधली होती रे, बापू," ती पुटपुटली.

"राखलंच की तिनं," तो म्हणाला, उमाकडे बघत. "नाहीतर मी थांबलोच नसतो."

उमाचा पाय मात्र ब्रेकवरून निघेना. पार दगड झाला होता.

तो खिडकीत वाकला. "आता सोडा पाय."

घाट संपेपर्यंत त्याची फटफटी पुढे पुढे राहिली. भरवेलीच्या फाट्याला त्यानं हात केला आणि वळला. घरी आल्यावर उमाच्या लक्षात आलं — सुपारी त्याच्याचकडे राहिली.

पुढचे दिवस घाटाहून अवघड गेले. फटफटी वाजली की काळीज हलायचं. ती दारावरून निघून जायची. घरात नागपूरच्या स्थळाचं बोलणं सुरू झालं. तिनं कुणाला काय सांगावं? एका सुपारीखेरीज तिच्याकडे होतंच काय, आणि तीही तिच्याकडे नव्हती. आत्या सगळं बघत होती. एकदाच किरनापूरला जाऊन आली, नातलगांकडे म्हणून.

मार्गशीर्षात शालिकराम मास्तर गुणाकरला आणि चार माणसांना घेऊन मागणी घालायला आले. तिकडे सुपारी फुटल्याशिवाय सोयरीक पक्की होत नाही. ताटात सुपारी ठेवायची वेळ आली, तेव्हा गुणाकरनं खिशातून एक काळी पडलेली सुपारी काढली. ग्रीसचा वास बैठकीभर पसरला.

"ही कुठली?" बाबांनी विचारलं.

"आपल्याच घरची व्हय," आत्या म्हणाली, "फोडा."

अडकित्ता उघडला. पाटावर बसलेल्या उमानं मान खाली घातली. कुणी मध्येच नको म्हणालं तर? सुपारी फुटली. ताट सरकवायच्या निमित्तानं गुणाकर जरासा वाकला. लुगड्याच्या काठाखाली तिचा उजवा पाय जमिनीवर घट्ट दाबलेला होता.

"आता सोडा पाय," तो हळूच म्हणाला.