पाणटिवळ्याच्या पायातली झेंडी

सोनालीला एका पक्ष्याच्या पायातली झेंडी वाचायची होती. तेवढ्यासाठी सुरतेतल्या डिंडोलीहून ती, नवरा लखन आणि त्याचे मामा अशी तिघांची स्वारी सकाळीच हजीऱ्याकडच्या खाडीवर येऊन धडकली. हिवाळ्यात इथे लांब चोचीचे पाणटिवळे उतरतात. त्यातल्या एकाच्या पायात कुणा अभ्यासकाने नारिंगी झेंडी अडकवली होती. तिच्यावरची अक्षरं कळली, की तो कुठल्या मुलखातून आला ते कळणार होतं.

त्या अक्षरांपायी तिने नवऱ्याची दुर्बीण कापली होती! लखन लूमच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात, मेकॅनिक. चंद्र-तारे बघायला हौसेनं घेतलेली ती छोटी दुर्बीण म्हणजे त्याचा जीव की प्राण. पण तिच्यामागे कॅमेरा जोडला की चित्र नळीच्या आतच जुळायचं, कॅमेऱ्यापर्यंत पोचायचंच नाही. नळी आखूड करण्यावाचून इलाज नव्हता. लखन "काप" म्हणाला, करवतही त्यानेच आणून दिली, पण कापताना बाहेर जाऊन उभा राहिला. तेव्हापासून त्या विषयावर चकार शब्द नाही. आज फोटो आला नाही, तर त्याच्या त्या गप्प बसण्याकडे तिला आयुष्यभर बघत राहावं लागणार होतं.

"जोजो बेन, पाणी पाछळथी आवे छे!" काठावरच्या कोळ्याने बजावलं. इथली भरती समोरून अंगावर येत नाही. आधी मागची नाळ, म्हणजे चिखलातला खोल ओहळ, गुपचूप भरते आणि माणूस मधल्या मधे अडकतो.

ओहोटीने रिकामी पडलेली नाळ ओलांडून तिघं तिवरांच्या मुळांतून, घोटाघोटाने रुतत पुढे निघाले. दूर कारखान्यांच्या चिमण्या, समोर करडा चिखल आणि त्यावर शेकडो पक्षी निवांत चरत होते. सोनालीने तिपाई रोवली. इतक्यात लखनचे मामा, हिलालमामा, गरजले, "हाऊ देखा! झेंडीवाला!"

भर्रर्र! सगळा थवा उडाला. जन्म लूमच्या खडखडाटात गेलेल्या मामांचं कुजबुजणंसुद्धा गल्लीला ऐकू जायचं. लखनने कपाळाला हात लावला. "मामा, खात्यासारखं हातानं बोला!"

थवा थोडा पुढे जाऊन बसला. झेंडीवाला त्यातच होता. सोनालीने बटण दाबलं आणि पडद्यावर बघून तिचा चेहरा पडला. सगळं चित्र पांढुरकं! नळीच्या आत उजेड चमकू नये म्हणून तिने आतून साडीच्या कामातलं उरलेलं काळं कापड लावलं होतं. घरात ट्यूबलाइटखाली काळंकुट्ट दिसलेलं ते कापड उन्हात लखलखत होतं. धाग्याधाग्यात चमकी! सुरतेत बिनचमकीची चिंधी सापडेल तर शपथ.

लखनने स्क्रू काढले, तिने कापड ओरबाडलं. आता आत काय घालायचं? दोघांची नजर एकदमच मामांच्या डोक्यावर गेली. काळी, लोकरीची, चमक म्हणून नसलेली माकडटोपी!

"मना कान गारठतीन ना!" मामा म्हणाले. पण बोलता बोलता टोपी काढून दिली. लखनने तिचा शेंडा कापला, ती नळीत मागून सरकवली. मामा उघड्या कानांनी मागे नाळेवर पहारा द्यायला गेले.

या खेपेला चित्र लख्ख आलं! पिसन् पीस मोजून घ्यावं असं. सोनालीला नाचावंसं वाटलं. पण पाणटिवळा एका पायावर झोपला होता, आणि झेंडीचा पाय पोटाखाली दुमडलेला!

ती थांबली. वारा वाढला. पाय खाली येईना.

मागे बघते तर मामांनी दोन्ही हात डोक्यावर कातरीसारखे धरलेले. खात्यातली खूण: मशीन बंद! नाळेत पाणी शिरलं होतं.

"थोडं थांब," लखन म्हणाला. "एवढ्यासाठीच तर आलो!"

तिनेही श्वास रोखला. आता टाकेल पाय. आता! मामा गुडघाभर पाण्यात उभे होते. त्यांना पोहता येत नव्हतं, आणि या दोघांना टाकून ते काठावर जाणार नव्हते.

"चला," ती म्हणाली. "राहू दे झेंडी."

पळाले! चिखल पाय सोडेना. एक चप्पल गेली, तिपाई गेली. नाळेत पाणी कमरेवर, मग छातीवर. लखनने कॅमेऱ्यासकट दुर्बीण डोक्यावर धरली. सोनालीने एका हाताने त्याचा पट्टा पकडला, दुसऱ्याने मामांचं मनगट. पाय तरंगले! मामा एकदा बुडाले, तिने ओढून वर काढले. आणि कोळ्याचा हात आला. काठ!

तिघं चिखलात पसरून धापा टाकत होते. कोळी आधी शिव्या घालून मोकळा झाला, मग चहा आणायला गेला.

लखनने कॅमेऱ्याच्या पडद्यावर तो लख्ख फोटो लावला. बराच वेळ बघत राहिला.

"हे बघितलंस?" तो म्हणाला. झोपलेल्या पाणटिवळ्याचा एक डोळा किलकिला उघडा होता, थेट तिच्याकडे रोखलेला.

"म्हणजे जागा होता तो?"

"मघापासून! तो आपल्यालाच बघत होता." लखन हसला. मग ओल्या बाहीने त्याने नळीचं कापलेलं तोंड हलकेच पुसलं. "कापलीस ते बरं केलंस."

सोनालीला इतकं बरं वाटलं, की तिने गुपचूप डोळे पुसले आणि सगळं तोंड चिखलाने माखून घेतलं.