सुटलेली चळत

बांधकामावर पाइपांची चळत कोसळली तेव्हा फिटरची किंकाळीही अर्धीच निघाली. पोलीस इन्स्पेक्टर मॅडम पोचल्या तोवर त्याला बाहेर काढलं होतं. छातीचा पार चेंदामेंदा झाला होता.

पलीकडे त्याचा दाजी, क्रेनवाला, रक्तबंबाळ पडला होता. चळत त्याने आदल्या दिवशी रचली आणि पाइप घरंगळू नयेत म्हणून पाचरी लावायला विसरला, असं ठरवून मजुरांनी त्याला बेदम चोपलं होतं. गर्दीला न्याय करायची भारी घाई असते. पहिला फटका त्याच्या बायकोनेच हाणला होता, पाइपाच्या तुकड्याने. मेलेला तिचा धाकटा भाऊ होता.

मॅडमनी तिला विचारलं, भावाचं कुणाशी वाकडं होतं का? कुणाशीच नाही, ती म्हणाली. उद्या फक्त कोर्टात त्याची साक्ष होती. मागे विटांची रास पडून एक मजूर दगावला होता. ती रास एवढी उंच कुणी रचायला लावली, ते तो सांगणार होता.

सुपरवायझर गुडघ्यांवरचा चिखल झटकत पुढे आला. "पाचरी लाव म्हणून बजावलं होतं. ऐकतोय कोण?"

"तुम्ही कुठे होतात?"

"सकाळपासून ऑफिसात. आवाज ऐकून दारापर्यंत आलो. पुढे जायची हिंमतच झाली नाही."

मॅडम चळतीपाशी उकिडव्या बसल्या. धूळ बसवायला मारलेल्या पाण्याने सगळी माती ओली होती. चळत होती तिथे दोन्ही टोकांना मात्र हाताएवढी जागा कोरडी ठणठणीत. टँकरवाल्याने सांगितलं, पाणी मारून तो नळी गुंडाळत होता, तेवढ्यात पाइप सुटले. आणि क्रेनवाला? तो सकाळपासून पाइप सुटेपर्यंत वर क्रेनच्या केबिनमध्येच होता, हे सगळ्यांनी पाहिलं होतं.

मॅडम उठल्या.

"पाचरी होत्या. म्हणूनच त्यांच्याखालची माती कोरडी राहिली. पाणी मारल्यावर कुणीतरी बाजूने ठोकून त्या काढल्या, आणि त्यासाठी ओल्या मातीत गुडघे टेकावे लागले. साहेब, ऑफिसात चिखल कुठून आला? ती विटांची रास तुम्हीच रचायला लावली होती ना?"

सुपरवायझरच्या तोंडचं पाणी पळालं. "नोकरी गेली असती माझी," तो पुटपुटला.

मजूर त्याच्यावर तुटून पडले. मॅडम मध्ये घुसल्या, खांद्यावर एक काठी खाल्ली, तरी हटल्या नाहीत. "एकाला फुकट फोडलंत, तेवढं पुरे," त्या ओरडल्या.

बायको नवऱ्याजवळ बसली. त्याचा एक डोळा पार फुटला होता.

"मी लावल्या होत्या गं," तो म्हणाला. "सांगत होतो तुला."

तिच्या मुठीत तो पाइपाचा तुकडा अजून तसाच होता.