अकरा पानांची पेनी

कडेनं धर, ऑलवेन. तांब्याच्या नाण्याच्या तोंडावर अंगठा लावणारा माणूस मला दारातसुद्धा चालत नाही. पण तू दर मंगळवारी येऊन माझ्या नाण्यांची यादी करतेस, माझी बडबड ऐकतेस, म्हणून सोडून देतो. हां, अशी. आता दिवा जवळ ओढ, भिंग घे आणि राजाच्या डोक्याभोवतीच्या माळेतली पानं मोज. मोजता मोजता ऐक.

सतराशे सत्त्याण्णवची पेनी ही. बर्मिंगहॅमजवळ सोहोच्या कारखान्यात वाफेच्या यंत्रावर पाडलेली. बरोबर एक औंस तांबं, जाड उंच कड, आणि अक्षरं त्या कडेतच खोदलेली. लोक तिला गाडीचाक म्हणायचे. पुढं तांबं महागलं तशा कितीतरी वितळवून टाकल्या. उरल्या त्यांना दोनच कामं राहिली. स्वयंपाकघरात वजन म्हणून, नाहीतर मेलेल्या माणसाच्या डोळ्यांवर. एवढं वजन ठेवलं की पापणी उघडत नाही.

आमच्या गावात दोन्ही कामं प्रॉसरबाईंची एकच जोडी करायची. गावात कुणी गेलं की त्याला पुसायला, केस विंचरायला, स्वच्छ सदरा चढवायला त्याच यायच्या, आणि एप्रनच्या खिशातून ती जोडी काढायच्या. एरवी ती त्यांच्या तराजूत असायची, चहापत्ती तोलायला. कुणालाही त्यात काही वावगं वाटायचं नाही.

मी नऊ वर्षांचा असताना आई गेली. लोकांच्या कॉलरींना खळ घालून इस्त्री करायची ती, त्यामुळं तिच्या अंगाला कायम खळीचा आणि पुदिन्याच्या गोळ्यांचा वास. त्या दिवशीही तो येत होता. पण डोळ्यांच्या जागी दोन राजे होते, एकाच दिशेला तोंड केलेले. मी बराच वेळ त्यांच्याकडेच बघत बसलो होतो. आईकडं बघवत नव्हतं.

मोठा होऊन मी पोस्टमन झालो आणि मला हे नाण्यांचं खूळ लागलं. आईच्या डोळ्यांवरच्या त्या पेनींमुळंच लागलं, हे मला आता कळतंय. एका दुपारी बाबांनी कोंबड्यांची सहा अंडी देऊन मला प्रॉसरबाईंकडं पाठवलं. "रिकामी टोपली नाही जायची हो परत," म्हणत त्या मुरांब्याची बरणी आणायला मागं गेल्या. तराजू टेबलावरच होता. मी सहज वाकून पाहिलं. तुला माहितीये, या पेनीत राजाच्या डोक्यावर कधी दहा पानं असतात, कधी अकरा. बाईंच्या दोन्हींवर अकरा होती. माझ्याकडं होती ती दहावाली, बर्मिंगहॅमच्या जुन्या बाजारात घेतलेली. आणि ती खिशातच होती.

चोरी म्हणवत नव्हतं मला. एक उचलली, एक ठेवली. तोच राजा, तेच साल, तेवढंच वजन. बाईंना काय फरक पडणार होता? जो माणूस एका पानाच्या फरकासाठी जीव टाकतो, तोच मनाला समजावत होता की फरक काही नाही. असा मी शहाणा.

दोन वर्षांनी नोव्हेंबरात बाबा अंथरुणाला खिळले. छातीत पाणी झालेलं. बाबा जन्मभर रेल्वेत सिग्नलवर होते. धुक्यातला दिवा त्यांना मैलावरून दिसायचा. तपकिरी, बारीक, सतत हसणारे डोळे. जायच्या तीन दिवस आधी त्यांनी मला जवळ बोलावलं.

"क्लेम, प्रॉसरबाईंना सांगून ठेव. तुझ्या आईला लावली होती तीच जोडी मला लावायची."

"बाबा, कसलं बोलताय..."

"अरे, तिला माझा चेहरा आता कशाला आठवतोय? म्हातारा झालोय मी. पण ती जोडी ओळखेल. चुकामूक नको व्हायला. गाड्यांची होऊ दिली नाही कधी, आता आमची कशाला?" आणि हसले.

तेव्हाच बोलायला हवं होतं. वर माझ्याच खोलीत, कपाटाच्या तिसऱ्या खणात ती पेनी पडली होती. चार पावलांवर. पण लाज वाटली गं. वाटलं, नंतर गुपचूप बदलू. ते नंतर राहून गेलं.

गुरुवारी दुपारी बाबा गेले. बाहेर इतकं धुकं की तीन वाजता दिवा लावावा लागला. प्रॉसरबाईंनी त्यांना पुसलं, भांग पाडला. दोन्ही पेनी तळहातात धरून उबवल्या. गार तांबं ठेवायचं नाही, अशी त्यांची रीत. उजवी ठेवली, बसली. डावी ठेवली... आणि ती घसरली. उशीवर पडली.

पुन्हा ठेवली, पुन्हा घसरली. तिसऱ्यांदा बाईंनी ती बोटानं दाबून धरली. खोलीत घड्याळाचा आवाज तेवढा होता. त्यांनी बोट हळूच उचललं तशी पेनी आपोआप कडेला सरकली आणि तिच्याखालचा डोळा सावकाश उघडला.

बाईंनी दिवा जवळ धरला. मग अगदी खालच्या आवाजात म्हणाल्या, "क्लेम... तुझ्या बापाचे डोळे कसले होते रे?"

"तपकिरी."

"मग हा कोण बघतोय?"

मी वाकलो. डोळा निळा होता. फिकट निळा, ओला, आणि आमच्या घरातल्या कुणाचाच नव्हे. तो खोलीभर फिरत होता, परक्या घरात चुकून शिरलेला माणूस बघतो ना, तसा. मग माझ्यावर येऊन थांबला.

बाईंनी उशीवरची पेनी उचलून नुसता अंगठा फिरवला. "ही माझी नव्हे."

मी वर धावलो. जिना चढलो कसा, उतरलो कसा, आठवत नाही. अकरावाली त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उबवली, मिटत नसलेल्या डोळ्यावर ठेवली आणि पुटपुटल्या, "जा रे, ज्याचा आहेस त्याच्याकडं जा." पेनी बसली. आणि ऑलवेन, तुला शपथेवर सांगतो, त्या क्षणी खोलीत खळीचा वास आला. खळीचा आणि पुदिन्याच्या गोळ्यांचा. सतरा वर्षांनी. मी पलंगाशी बसून लहान पोरासारखा रडलो. बाबांची चुकामूक झाली नव्हती.

जाताना बाईंनी माझी दहावाली एप्रनच्या टोकात धरून परत दिली. "कुणाच्या डोळ्यावरून आली ते विचारलंस का घेताना?" एवढंच म्हणाल्या. त्यानंतर शब्दानं कधी टोचलं नाही मला. उलट त्या गेल्या तेव्हा ती जोडी माझ्या नावानं ठेवून गेल्या. त्यांना लावून झाल्यावर तशीच उबदार माझ्या हातात दिली कुणीतरी.

दहावाली मी विकली नाही. कुणाच्या गळ्यात मारणार असलं? वेगळ्या डबीत आहे. जोडी मात्र माझ्यासाठी हवी आहे मला, फार दिवस नाहीत आता. आई-बाबा दोघं वाट बघत असतील, आणि त्यांना माझी ओळख पटायची ती तेवढ्यानंच. म्हणून तर तुला आज मोजायला बसवलंय. मी गेलो की तूच ठेवायची आहेस. आधी उबव. आणि पानं मोज, दोन्हींवरची.

किती भरली? अकरा... आणि दुसरीवर?

अकरा. बरं झालं. दे इकडं.

आता एक काम कर. दिवा उचल आणि माझ्या डाव्या डोळ्यात नीट बघ. डॉक्टर म्हणतात, वयानं डोळ्याचा रंग उतरतो. घाबरू नकोस, माझा हात धर. जन्मभर माझे डोळे बाबांसारखे तपकिरी होते... सांग, आता कसला दिसतोय?